डबा घरचा की मेसचा?

तर झालं असं, की मागच्या आठवड्यात क्लायंटच्या जुन्या सर्व्हरवर आमचं एक छोटं टूल टाकलं आणि त्याने सुरू होण्याआधीच मान टाकली. जीलिबसीची हवी ती आवृत्ती सापडत नाही म्हणे! माझ्या लॅपटॉपवर नवी, तिथे जुनी. टीममधला एकजण म्हणाला, "स्टॅटिक लिंक कर ना यार, डबा घरूनच न्यायचा." केलं, चाललं. (गो भाषेवर लोक फिदा असतात ते बरंचसं याच सोयीमुळे.) बायनरी फुगते ही तक्रार मला तरी पटत नाही, डिस्क काय महाग आहे आता?

पण मंडळी, एप्रिल २०१४ आठवा. ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड सापडला. जिथे लायब्ररी शेअर्ड होती तिथे एक अपडेट मारा, सर्व्हिसेस रीस्टार्ट करा, भोक बुजलं. सर्टिफिकेटं बदलायची कटकट वेगळी, ती सगळ्यांनाच होती. जिथे ती बायनरीच्या पोटात गेली होती तिथे मात्र आधी शोधाशोध, कारण एलडीडीच्या यादीत तिचं नावच नसतं. मग सोर्स मिळवा, पुन्हा लिंक करा, प्रत्येक मशीनवर पोचवा.

मला विचाराल तर बिल्ड आपल्या हातात असेल तर खुशाल स्टॅटिक करा. फक्त पॅच आला की नवं बिल्ड कोण देणार, ते आधी ठरवा. आमच्या टूलमध्ये टीएलएस आहे आणि असं कुणीच ठरलेलं नाही. त्यामुळे सोमवारी मी ते परत डायनॅमिक करणार, क्लायंटच्याच डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बिल्ड करून.