बारा तासांची पाळी

कारखान्यातील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय आम्हाला मान्य नाही.

जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सरकार सांगते. कंत्राटदाराच्या मर्जीवर रोजी अवलंबून असलेला माणूस नकार देईल कसा? चाकण, बुटीबोरीत यंत्रावर हात बसलेले कामगार कामात जीव ओततात. सुटा भाग अचूक उतरला की त्यांना मनापासून समाधान वाटते. अकराव्या तासाला ते समाधान उरत नाही. उरतो तो थकवा, आणि थकलेली बोटे प्रेसखाली सापडतात.

संमती कारखाना निरीक्षकासमोर नोंदवल्याशिवाय एकही पाळी वाढवू नये. नकार देणाऱ्याचे काम जाणार नाही, ही हमी सरकारने कायद्यातच द्यावी.