घर पाहताना शाळाही पाहा

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. आता स्वतः घर बांधणारे थोडे आणि तयार सदनिका विकत अथवा भाड्याने घेणारे फार, एवढाच काय तो फरक. पाहण्याचे काम मात्र चुकलेले नाही. पर्वरीला किंवा फोंड्याला बिऱ्हाड करू इच्छिणारा मनुष्य काय काय पाहतो? नळाला पाणी किती वेळ येते, पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली जातो काय, बसचा थांबा किती पावलांवर, बाजार कोठे, शेजार कसा. विकत घ्यावयाचे असेल तर एक-चौदाचा उतारा तो वकिलाकडून तपासून घेतोच घेतो. कारण त्यावर एखादे भलते नाव निघाले तर जन्माची कमाई पणास लागते. परंतु ज्या घरासाठी ही एवढी दक्षता, त्या घरातून जे मूल उद्या पाठीला दप्तर लावून बाहेर पडणार, त्याच्या शाळेची चौकशी बहुधा दोनच प्रश्नांत आटोपते. माध्यम इंग्रजी आहे काय, आणि बस दारात येते काय? बाकीचे सारे शेजाऱ्याच्या शब्दावर. जमिनीच्या बाबतीत आपण कागद मागतो आणि मुलाच्या बाबतीत कानगोष्टीवर भागवतो. या विसंगतीकडे पालकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

कागद नाही म्हणून कानगोष्ट, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. शाळांची माहिती पूर्वी निरीक्षकाच्या कपाटात बंद असे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिल्हावार शैक्षणिक माहिती गोळा करण्यास आरंभ झाला. २०१२-१३ पासून प्राथमिक आणि माध्यमिक शाळांची माहिती एकत्र आली, आणि २०१८-१९ पासून तिला ‘युडायस प्लस’ या नावाने आजचे रूप मिळाले. देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला, मग ती सरकारी असो, अनुदानित असो वा खाजगी, अकरा अंकी क्रमांक दिलेला आहे. शाळेत इयत्तावार मुले किती, शिक्षक किती, त्यांतील प्रशिक्षित किती, वर्गखोल्या किती आणि त्यांतील दुरुस्तीला आलेल्या किती, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे काय आणि ते वापरात आहे काय, पिण्याचे पाणी, वीज, वाचनालय, क्रीडांगण, शिक्षणाचे माध्यम, हे सारे शाळेने दरवर्षी भरून द्यावयाचे असते. केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर ते शाळावार पाहावयास मिळते. त्यासाठी कोणाचा वशिला लागत नाही.

मात्र आकडे पाहणे वेगळे आणि ते वाचणे वेगळे. कोणत्या आकड्याकडे आधी पाहावे? आमच्या मते, इमारतीच्या नव्हे, शिक्षकांच्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशे वीसपर्यंत चार, असे प्रमाण घालून दिले आहे. म्हणजे मुले दहा असली तरी शिक्षक दोन हवेत, हा कायद्याचा किमान दंडक आहे. गोव्यातील प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असतात. चार इयत्ता आणि शिक्षक एकच, असे जेथे आढळेल तेथे पहिलीला मुळाक्षरे गिरवावयास लावून चौथीला गणित शिकविणारी आणि मधूनच कार्यालयाचे तक्ते भरणारी एक थकलेली व्यक्ती डोळ्यांसमोर आणावी. ही आपल्या एकट्याची व्यथा नव्हे. २०२४-२५ च्या शासकीय आकडेवारीप्रमाणे देशात एकशिक्षकी शाळा एक लाख चार हजारांहून अधिक होत्या आणि त्यांत तेहतीस लाखांहून अधिक मुले शिकत होती.

त्यानंतर पाहावा तो इयत्तावार पट, आणि तोही एका वर्षाचा नव्हे, तीन-चार वर्षांचा. गेल्या वर्षी दुसरीत वीस मुले होती आणि यंदा तिसरीत बाराच उरली, तर ती आठ मुले कोठे गेली हे विचारण्याचा पालकाला अधिकार आहे. उत्तर कदाचित निर्दोष असेल. बांधकामावरील मजुरांची कुटुंबे काम संपताच दुसरीकडे गेली असतील. तथापि विचारल्यावाचून ते कळत नाही. तिसरी गोष्ट अंतराची. चौथीनंतर पाचवी कोठे, हा प्रश्न घर घेताना आठवत नाही आणि चार वर्षांनी दारात उभा राहतो. प्राथमिक शाळा अंगणात आणि माध्यमिक विद्यालय दोन बसगाड्यांच्या अंतरावर, अशी वाडी घराच्या दृष्टीने कितीही रम्य असली तरी मुलाच्या दृष्टीने दूरचीच.

आता या आकड्यांची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ही माहिती शाळाच भरते. वरचे अधिकारी ती तपासतात हे खरे, परंतु कुलूपबंद वाचनालय हेही तक्त्यात वाचनालयच असते आणि खोक्यातून बाहेर न आलेला संगणक हाही संगणकच. २०२२-२३ पासून माहिती एकेका विद्यार्थ्याच्या नावानिशी गोळा होऊ लागल्याने आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरळ तुलना करणेही धोक्याचे आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शाळेत काय आहे हे हा तक्ता सांगतो. मुलाला काय येते हे सांगत नाही. ते शोधणाऱ्या पाहण्या वेगळ्या आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघणारा ‘असर’ अहवाल ग्रामीण मुलांना घरी गाठून त्यांचे वाचन आणि गणित तपासतो. शासनानेही २०१७ आणि २०२१ साली राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण केले आणि २०२४ च्या अखेरीस ‘परख’ सर्वेक्षण घेतले. परंतु या पाहण्या नमुन्यावर चालतात आणि जिल्ह्याचे वा राज्याचे चित्र देतात. तुमच्या वाडीवरच्या शाळेतील तिसरीचा वर्ग धडा वाचू शकतो की नाही, हे त्यांतून कळावयाचे नाही. त्यासाठी एक सकाळ मोडून मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्यावी, वर्गाच्या मागच्या बाकावर बसावे आणि ऐकावे. बाई मुलांशी कशा बोलतात, चुकलेले मूल पुन्हा हात वर करते की मान खाली घालते, हे कोणत्याही तक्त्यात उमटत नाही.

दहावीच्या निकालाविषयीही हेच. दरवर्षी निकाल लागताच ‘शंभर टक्के’ असे फलक झळकतात आणि त्या एका आकड्यावर पालक दिपून जातात. शंभर टक्के खरे, परंतु कितीजणांचे? आठवीतून नववीत किती आले, नववीत किती अडकले आणि दहावीच्या परीक्षेला किती बसविले, हे त्या फलकावर लिहिलेले नसते. कच्च्या मुलांना नववीतच थोपवून मिळविलेल्या शंभर टक्क्यांपेक्षा सर्वांना सोबत घेऊन मिळविलेले पंच्याऐंशी टक्के आम्ही अधिक मोलाचे मानू.

आकड्यावरून शाळा आणि शाळेवरून घर निवडण्याची रीत जेथे पुरती रुजली आहे, तेथील अनुभवही ध्यानात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावर ठरते आणि शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून उभा राहतो. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दरेषेच्या अलीकडची आणि पलीकडची घरे ताडून पाहिली. शाळेचे परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के अधिक किंमत मोजतात, असे त्यांना आढळले. म्हणजे शाळा विनामूल्य, पण तिच्या दारापर्यंत पोहोचण्याचे मूल्य घराच्या किमतीत भरावयाचे. ज्याला ते परवडत नाही त्याचे मूल रेषेपलीकडे. पुढे पुढे शाळेचा आकडा शाळेचे काम दाखवितो की पालकांची सुबत्ता, हेच सांगणे अवघड होते. इंग्लंडात शाळांची तपासणी करून एका शब्दात शेरा देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. सरकारी शाळांपुरता तो एकशब्दी शेरा सप्टेंबर २०२४ मध्ये बंद करण्यात आला. शाळेसारखी जिवंत संस्था एका शब्दात वा एका अंकात मावत नाही, हे तेथेही उशिरा का होईना उमगले.

आपल्याकडे पत्ता मुलाला कोणत्याही एका शाळेशी बांधीत नाही. येथे हे काम बस करते. खाजगी शाळांच्या गाड्या आणि शासनानेच अनुदानित शाळांना दिलेले बालरथ सकाळी वाडीवाडीवर येतात आणि मुलांना गावच्या शाळेच्या दारावरून पुढे घेऊन जातात. मुलांना प्रवासाची सोय झाली, तिला आमचा विरोध नाही. परंतु तिचा परिणाम गावच्या शाळेच्या पटावर काय झाला, हे पाहिले पाहिजे. १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. कोठे देवळाच्या मंडपात, कोठे कोणाच्या ओसरीवर वर्ग भरले. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर शिरले नव्हते, त्यांची मुले त्या शाळांतून शिकली, शिक्षक झाली, अधिकारी झाली. आज त्यांचीच नातवंडे बसमधून त्या शाळेकडे पाहत पुढे जातात. १९९० साली प्राथमिक स्तरावर केवळ मातृभाषेतील शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले, २०११ साली इंग्रजी माध्यमासही अनुदानाचे दार उघडले, आणि त्यावरून झालेला संघर्ष वाचकांच्या स्मरणात आहे. आमचे मत आम्ही कधी लपविलेले नाही: लहान मुलाने पहिले धडे आपल्या घरच्या भाषेत घ्यावेत. तूर्त तो वाद बाजूस ठेवू. माध्यम कोणतेही असो, एका शिक्षकावर चार इयत्तांचा भार टाकून कोणतीच भाषा धड शिकविता येत नाही.

आणि येथेच आकड्याचा खरा धोका आहे. पट दहावर आला की दुसरा शिक्षक अन्यत्र धाडला जातो. शिक्षक एकच म्हणून उरलेल्यांतील चार मुले जातात. पट सहावर आला म्हणून नवे बिऱ्हाड त्या शाळेकडे फिरकत नाही. आणि एके दिवशी शेजारच्या शाळेत विलीनीकरणाचा आदेश निघतो. प्रत्येक पालकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतलेला असतो, आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे शाळेचे कुलूप. बसचे वा शुल्काचे पैसे देऊ न शकणाऱ्या मजुराचे मूल तेवढे त्या कुलपापाशी उभे राहते. जो आकडा शाळेचा आजार दाखविण्यासाठी गोळा केला, तोच तिच्या मरणाचा दाखला ठरावा, यासारखी शोकांतिका नाही.

यावर उपाय आकडे झाकून ठेवणे हा नव्हे. उलट ते अधिक उघड करावेत. प्रत्येक शाळेचा तक्ता मराठीत आणि कोंकणीत पंचायतीच्या फलकावर दरवर्षी लागला पाहिजे; संकेतस्थळापर्यंत न पोहोचणाऱ्या आईलाही तो वाचता आला पाहिजे. कोणत्याही शाळेला पट नाही म्हणून टाळे लावण्यापूर्वी, त्या शाळेला कायद्याने ठरवून दिलेले दोन शिक्षक किती वर्षे दिले होते, हे शासनाने जाहीर करावे. ते दिलेच नसतील तर पट घसरल्याचा दोष पालकांच्या माथी मारता येणार नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच की, घर पाहावयास जाल तेव्हा शाळेचा तक्ताही पाहा, आणि तो पाहून केवळ पळ काढू नका. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम या समितीचे आहे. नव्या वसाहतीतील पाच घरांनी ठरवून आपली मुले जवळच्या शाळेत घातली आणि दुसऱ्या शिक्षकाची मागणी एकमुखाने लावून धरली, तर सहाचा पट अकरा होतो आणि त्या मागणीला वजन येते. हे प्रत्येकाला जमेल असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे मूल आज पहिलीत जावयाचे आहे त्याला समाजसुधारणेसाठी थांबा असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ज्यांना थोडी सवड आणि थोडे बळ आहे, त्यांनी तरी हा प्रयत्न करून पाहावा.

गाव निवडणारा मनुष्य त्या गावाच्या आकडेवारीत स्वतःही एक आकडा होऊन बसतो. पाण्याचा नळ आणि बसचा थांबा त्याच्या येण्याने बदलत नाहीत. शाळा मात्र एका मुलाच्या येण्याने वाढते आणि एका मुलाच्या जाण्याने उणी होते. घराचा उतारा तपासताना एवढेही ध्यानात ठेवले, तर घरही चांगले मिळेल आणि गावाची शाळाही राहील.