बीपीचे यंत्र घरी आले, आकडा कसा वाचायचा?

२२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, वैद्यकीय उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्रही त्याबरोबर स्वस्त झाले. त्याआधी, जुलै २०२१मध्ये, करोनाच्या काळात केंद्राने या यंत्रासह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. आता औषधाच्या दुकानात, ऑनलाइन, अगदी दिवाळीच्या भेटीतही हे यंत्र दिसते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसून मला याचा परिणाम रोज दिसतो. रुग्ण केसपेपरबरोबर मोबाइलही पुढे करतात. त्यात यंत्राच्या पडद्याचा फोटो असतो. ‘‘काल रात्री एकशे बासष्ट आलं, डॉक्टर. अर्ध्या तासाने बघितलं तर एकशे छत्तीस. मशीन बिघडलंय का?’’

बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. रक्तदाब ही ठोक्यागणिक बदलणारी गोष्ट आहे. झोपेत तो उतरतो, पहाटे चढू लागतो, जिना चढला, भांडण झाले, लघवी तुंबली, थंडी वाजली की वर जातो. १६२ आणि १३६ हे दोन्ही आकडे त्या त्या क्षणी खरे असू शकतात. पण त्यातला एकही ‘तुमचा रक्तदाब’ नव्हे. पहिला आकडा पाहून माणूस घाबरतो, घाबरून पुन्हा मोजतो, आणि सर्वांत मोठ्या आकड्याचा फोटो काढून ठेवतो. घरच्या यंत्राचा असा वापर करायचा असेल, तर ते न घेतलेलेच बरे.

मग ते घ्यायचे तरी कशाला? कारण दवाखान्यात मोजलेला रक्तदाबही पूर्ण खरा नसतो. काही जणांचा रक्तदाब डॉक्टरांसमोर वाढतो आणि घरी नॉर्मल असतो. त्यांच्या माथी विनाकारण गोळ्या बसतात. याउलट काहींचा दवाखान्यात चांगला असतो आणि घरी, कामावर, पहाटे वाढलेला असतो. हा छुपा उच्च रक्तदाब अधिक धोक्याचा, कारण रुग्ण आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त राहतात. हे दोन्ही प्रकार ओळखायला घरची मोजणी लागतेच. युरोपच्या हृदयरोग संघटनेने २०२४मध्ये आणि अमेरिकेतील संघटनांनी ऑगस्ट २०२५मध्ये जे नवे निर्देश दिले, त्यांत घरच्या मोजणीवर भर आहे तो यामुळेच.

या निर्देशांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोंधळही उडवून दिला. अमेरिकेत १३०/८० पासूनच उच्च रक्तदाब म्हणतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही रेषा १४०/९०ला आहे. युरोपनेही १४०/९० कायम ठेवून त्याच्या खाली ‘वाढता रक्तदाब’ असा वेगळा गट केला. पण १४०/९० हा दवाखान्यातला आकडा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या सरासरीसाठी तीच रेषा १३५/८५ला येते. घरची सरासरी १३८ असेल आणि कोणी ‘चाळीसच्या आत आहे की’ म्हणत असेल, तर ते चुकते आहे. मधुमेह, किडनीचा आजार किंवा आधी झटका येऊन गेला असेल, तर तुमच्यासाठी कोणता आकडा गाठायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता मोजणीविषयी. जुन्या पाऱ्याच्या यंत्रात डॉक्टर स्टेथोस्कोपने आवाज ऐकत. ही पद्धत कोरोत्कॉफ या रशियन डॉक्टराने १९०५मध्ये मांडली आणि शंभर वर्षे तीच चालली. पारा विषारी असल्याने मिनामाता करारानुसार तो आता मागे पडतो आहे. भारत २०१८मध्ये त्या करारात दाखल झाला. घरचे डिजिटल यंत्र काही ऐकत नाही. दंडावरचा पट्टा (याला ‘कफ’ म्हणतात, खोकल्याच्या कफाशी संबंध नाही) फुगतो आणि हवा सोडताना धमनीच्या ठोक्याने त्यात उठणारी बारीक कंपने यंत्र टिपते. कंपने सर्वांत मोठी कुठे होतात यावरून ते सरासरी दाब ओळखते आणि वरचा व खालचा आकडा कंपनीने आत भरलेल्या गणिताने काढते. म्हणजे पडद्यावर दिसतो तो एक अंदाज असतो. हात हलला, बोलणे चालू असले, पट्टा मापाचा नसला की अंदाज चुकतो. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यांच्या बाबतीत तर एका मोजणीवर मुळीच विसंबू नये. लागोपाठ तीन घेऊन सरासरी काढावी.

सर्वांत जास्त चुका हाताच्या आणि पट्ट्याच्या होतात. पट्टा हृदयाच्या पातळीवर, म्हणजे साधारण छातीच्या मध्यावर यायला हवा. तो दहा सेंटिमीटर खाली असेल, तर केवळ रक्ताच्या वजनाने आकडा सात-आठने वाढतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४मध्ये १३३ प्रौढांवर याची पद्धतशीर तपासणी केली. हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला, तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ ४ने जास्त आला. हात बाजूला लोंबता ठेवला, तर साडेसहाने. आपल्याकडे घरात जमिनीवर मांडी घालून, यंत्र पुढ्यात आणि हात मांडीवर, अशीच मोजणी चालते. आमच्या गर्दीच्या ओपीडीतही स्टुलावर बसलेल्या रुग्णाचा हात अनेकदा लोंबताच असतो, हेही सांगायला हवे.

पट्ट्याची गोष्ट याहून गंभीर आहे. त्याच विद्यापीठाच्या २०२३च्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा जवळजवळ २०ने वाढीव आला. म्हणजे १२५चा माणूस १४५चा रुग्ण झाला. उलट बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की आकडा कमी दिसतो. किडकिडीत वृद्धांच्या बाबतीत हे विसरू नये. खोक्यातल्या पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर किंवा २२ ते ४२ असे माप छापलेले असते. यंत्र घेण्याआधी शिलाईची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते करून आलेले ग्राहक विरळाच.

बाकी तयारी अशी. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, व्यायाम नको, आणि तंबाखू नको. तंबाखूत मिश्रीही आली. गावाकडच्या अनेक बायका ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि सकाळी मिश्री लावून लगेच पट्टा बांधतात. लघवीला जाऊन यावे. खुर्चीत पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. या पाच मिनिटांत मोबाइल नको, टीव्हीवरच्या चर्चा तर नकोतच. हात टेबलावर ठेवावा. टेबल नसेल तर उशा किंवा दुमडलेली गोधडी रचून उंची साधावी. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर, आत एक बोट सरकेल इतपत घट्ट. ब्लाउजची किंवा शर्टाची बाही वर सरकवून दंडाला करकचून बसत असेल, तर हात बाहेर काढा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि ज्याचा आकडा जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा. दोन हातांत सतत १५पेक्षा जास्त फरक दिसला, तर तो डॉक्टरांना दाखवा. त्या बाजूची धमनी अरुंद झालेली असू शकते.

आणि हे सगळे किती वेळा? डॉक्टरांना भेटण्याआधीचे सात दिवस. रोज सकाळी दोनदा, रात्री जेवणाआधी किंवा झोपण्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. सकाळची मोजणी न्याहारीच्या आणि बीपीच्या गोळीच्या आधी घ्यायची. कालची गोळी आज सकाळपर्यंत पुरली की नाही, हे त्याच वेळी कळते. गोळी घेऊन दोन तासांनी मोजले तर सगळे छानच दिसणार. पहिल्या दिवसाचे चार आकडे नवखेपणाचे म्हणून सोडून द्या. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे, त्यांची सरासरी, हा तुमचा रक्तदाब. सात दिवस जमत नसेल, तर निदान तीन. आलेला प्रत्येक आकडा लिहा. आवडलेले तेवढे लिहून बाकीचे गाळणारे रुग्ण कमी नाहीत. रक्तदाब आटोक्यात आला की रोज मोजायची गरज नाही. आठवड्यातून एखाद-दोन वेळा पुरे. वृद्धांना उभे राहताना चक्कर येत असेल, तर बसून मोजल्यावर उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरत असेल, तर औषधाचा फेरविचार करावा लागतो.

रात्री अकराला अचानक १८० दिसले तर काय? पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. छातीत दुखणे, धाप, अर्धे अंग लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, दिसायला कमी येणे, भ्रम, असे काही असेल, तर दुसऱ्या मोजणीतही वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा, १०८ला फोन करा. यातले काहीच नसेल आणि दुसरा आकडाही १८०/१२०च्या वर असेल, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांशी बोला. पण आपल्या मनाने जास्तीची गोळी घेऊ नका, शेजाऱ्यांची तर नाहीच. निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली ठेवण्याची जुनी युक्ती अजून काही ठिकाणी चालते. तिने रक्तदाब धाडकन खाली येतो, मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा घटतो, आणि आकडा सुधारलेला असताना माणसाला पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

खरेदीबाबत थोडक्यात. दंडाचेच यंत्र घ्या. मनगटाचे फक्त तेव्हा, जेव्हा दंडाला कुठलाच पट्टा बसत नाही; बोटाचे कधीच नाही. कोणते मॉडेल स्वतंत्र चाचणीत उत्तीर्ण आहे याची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. कंपनीचे नाव नव्हे, मॉडेल क्रमांक जुळवायचा. गरोदर स्त्रीसाठी घेत असाल, तर ते मॉडेल गरोदरपणासाठी वेगळे तपासलेले असावे लागते. स्मार्ट घड्याळे पट्ट्याशिवाय रक्तदाब सांगतात, पण अमेरिकेचे २०२५चे निर्देश निदानासाठी वा उपचारासाठी त्यांच्यावर विसंबू नका असेच सांगतात. वर्षातून एकदा आपले यंत्र रुग्णालयात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहावे.

इथवर जे लिहिले ते यंत्र विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे; त्यांतील ३७ टक्क्यांना तो असल्याचे माहीत आहे आणि फक्त १५ टक्क्यांचा आटोक्यात आहे. उरलेल्यांपैकी बहुतेकांची गाठ कधी पडलीच तर सरकारी यंत्रणेशीच पडणार. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांपासून महाराष्ट्रात चांगले काम उभे केले: ठरावीक गोळ्या, महिन्याचा पुरवठा, आरोग्य केंद्रात डिजिटल यंत्र. पण ‘रक्तदाब आटोक्यात’ हे ठरते ते शेवटच्या भेटीतल्या मोजणीवर. एसटीतून उतरून, केसपेपरच्या रांगेत तासभर उभे राहून आलेल्या बाईचा तो आकडा असतो. त्यावरच तिची गोळी वाढते आणि त्यावरच जिल्ह्याची टक्केवारी ठरते.

वास्तविक सात दिवसांची नोंद पुरत असेल, तर प्रत्येक घरात यंत्र असण्याची गरजच नाही. एक यंत्र महिन्यात चार घरे फिरू शकते. आयुष्मान आरोग्य मंदिरात दोन मापांच्या पट्ट्यांसह पाच-सहा यंत्रे ठेवावीत, आशाताईंनी एकदा समोर बसून मोजायला शिकवावे, नावावर आठवडाभर द्यावे आणि पुढच्या घरी नेताना आकडे उतरवून घ्यावेत. गोळी सुरू करण्याआधी आणि बदलण्याआधी, एवढ्या दोन वेळांना जरी हे झाले, तरी विनाकारण दिलेली औषधे आणि राहून गेलेले रुग्ण दोन्ही कमी होतील. खर्च मुख्यतः सेलचा आणि फाटलेल्या पट्ट्यांचा. आमच्या केसपेपरवर मात्र बीपीसाठी अजून एकच चौकोन आहे. त्याच्या शेजारी ‘घरची सरासरी’ असा दुसरा चौकोन छापून घ्यायला नवी योजना लागत नाही.