गारपिटीआधीचे दोन दिवस

फेब्रुवारीअखेर हवामान विभागाचा मार्च ते मेचा अंदाज येतो. उन्हाळा किती कडक, हे त्यातून कळते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्यात गारा कोणत्या दुपारी पडतील, हे कळत नाही. उत्तरेकडून येणारी कोरडी हवा आणि समुद्रावरची दमट हवा मराठवाड्यावर भिडतात, तेव्हा ढग तासाभरात चढतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने बीडसह मराठवाड्यात काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा आणि फळबागा झोडपल्या, तो घाव अजून ताजा आहे.

म्हणून तीन महिन्यांच्या अंदाजापेक्षा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा सल्ला मोलाचा. त्यात पावसाची शक्यता दिसली, तर पक्व हरभरा रानात ठेवू नये. कणसे झाकावीत, आंब्यावरची फवारणी पुढे ढकलावी. विजांसाठी 'दामिनी' ॲप आहे, पण ज्या शेतकऱ्याकडे साधाच फोन आहे त्याचे काय? विद्यापीठाचा हा सल्ला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून वाचला गेलाच पाहिजे.

शिवाय 2025 च्या खरिपापासून राज्याने पीक विम्यातून स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाई वगळली. एकाच शिवारावर गारा पडल्या, तर महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नात ते नुकसान दडून जाते. ही तरतूद सरकारने परत आणावी.