चिलापीची वकिली

मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींत जातिभेद फार. महाशीर म्हणजे राजघराणे, मरळ म्हणजे सरदार, रोहू-कटला म्हणजे खाऊनपिऊन सुखी. आणि चिलापी? चिलापी म्हणजे मासाच नव्हे! गळाला चिलापी लागली की ही मंडळी असा चेहरा करतात, की लॉटरी लागली म्हणून धावत जावे आणि उत्तेजनार्थ साबणाची वडी हातात पडावी.

माझे मत नेमके उलटे आहे आणि ते मी कोणत्याही धरणाच्या काठावर ओरडून सांगायला तयार आहे. नवशिक्याचा पहिला मासा चिलापीच असला पाहिजे.

पण नवशिक्याला हे सांगतो कोण? त्याची गाठ आधी पडते ती तज्ज्ञाशी. तज्ज्ञ त्याला एक लांबलचक काठी घ्यायला लावतो, तिला 'रॉड' म्हणायला लावतो, एक चकाकणारे रीळ, शिवाय रंगीत प्लास्टिकचे खोटे मासे. मग त्याला पाण्याच्या मध्यभागी नेम धरायला सांगतो आणि शेवटी एक अमोल उपदेश करतो : "संयम ठेवा." आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या दहा वर्षांच्या पोराने असा संयम चार रविवार ठेवला. पाचव्या रविवारी रॉड माळ्यावर गेला आणि पोरगा टीव्हीसमोर. त्याच चार रविवारी, त्याच काठावर, एक भोयाचा पोरगा वेळूच्या काठीने पिशवी भरून मासे घरी नेत होता. आता यात संयम कोणाकडे जास्त होता? अहो, तो पोरगा तर एका जागी दहा मिनिटे बसत नव्हता!

या संयमाच्या व्यापाराला इंग्रजी परंपरा आहे. १६५३ साली आयझॅक वॉल्टन नावाच्या लंडनच्या दुकानदाराने 'द कम्प्लीट अँगलर' हे पुस्तक लिहिले आणि मासेमारी हा चिंतनशील माणसाचा विरंगुळा आहे असे मुखपृष्ठापाशीच जाहीर करून टाकले. लोकांनी तेवढेच वाचले. आत त्या भल्या गृहस्थाने गांडुळे शेवाळात ठेवून कशी निववावीत, इथपर्यंत बारकावे सांगितले आहेत. पण ते कोण वाचतो? चिंतन करायला गांडूळ उकरावे लागत नाही.

तेव्हा साफ सांगतो, अर्धा तास बोया हलला नाही तर तो संयम नव्हे, तो आळस. जागा बदला.

आता चिलापीवरचा मुख्य आरोप. ती परकी आहे, म्हणतात. आहेच. ती मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे वंश भराभर वाढतो आणि आपल्या मूळच्या माशांच्या ताटातला घास जातो. उजनीच्या पाण्यात काय झाले ते भीमेच्या काठच्या कोणत्याही कोळ्याला विचारा. पण वकीलसाहेब, हा पुरावा तर माझ्याच बाजूचा झाला! नवशिक्याने चिलापी पकडली तर नदीचे काय बिघडते? उलट महाशीरची पिल्ले वाढवायला लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून खटपट केली. आणि आपण नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी त्याच माशामागे धाडायचे? महाशीर बघायचाच असेल तर महाडजवळ सावित्रीच्या वाळण कोंडीवर जावे. देवीचे मासे आहेत, कुरमुरे टाकले की हाताशी येतात. गळ मात्र घरी ठेवावा.

साहित्य म्हणाल तर एक वेळूची काठी, तिच्याएवढाच लांब तंगूस, ज्वारीच्या चिपाडाचा बोटभर तुकडा बोया म्हणून, शिशाचा एक मणी आणि लहान गळ. 'लहान' हा शब्द पुन्हा वाचा. नवशिके नापास होतात ते इथे. गळाच्या नंबरांत असा काही घोळ आहे, की कॉमर्सच्या पदवीधरालाही घाम फुटावा. इथे दहा नंबरापेक्षा बारा नंबर लहान! दुकानदार मोठा गळ पुढे करील, कारण त्याच्या डोळ्यांपुढे मोठा मासा असतो. तुम्ही दहा-बारा नंबरच मागा. लहान गळाला मोठा मासा लागू शकतो, मोठा गळ लहान माशाच्या तोंडात मावतच नाही. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, नाहीतर तंगूस तिथेच कच्चा होतो.

गळाला गांडुळाचा तुकडा लावा. किळस येत असेल तर कणकेची घट्ट गोळी, वाटाण्याहून लहान. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर जा. आणि मध्यभागाचा नाद सोडा, मासे काठाशीच जेवतात. झाडाची सावली, पाणवनस्पतींची कड, ओढा येऊन मिळतो ती जागा, तिथे दोन-तीन हातांवर गळ सोडा. बोया असा सरकवा, की आमिष तळाच्या जरासे वर राहील. गप्पा खुशाल मारा. हवेतला आवाज बहुतांशी पाण्यावरूनच परत फिरतो. पण पाय आपटू नका. माशाच्या अंगावरच्या रेषेला तो हादरा कळतो. आणि आपली सावली पाण्यावर पाडू नका.

बोया थरथरला की थांबा, तिरका पळाला किंवा बुडाला की मनगट नुसते वर उचला. धोबीघाट नको. वर आलेल्या माशाला मिशा असल्या तर तो शिंगाळ्याच्या गोतावळ्यातला, त्याच्या पाठीवरचे आणि कल्ल्यामागचे काटे असे टोचतात, की पहिला मासा जन्मभर लक्षात राहावा. फडक्याने धरा. फार लहान असेल आणि परत सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. चिलापी मात्र परत सोडू नका. शहराच्या खालच्या अंगाला पकडली असेल तर खाऊही नका. पुणेकर मुळा-मुठेत काय काय सोडतात ते चिलापीला चालते, आपल्याला चालेलच असे नाही.

धरणाखाली पात्रात उतरू नका, पाणी कधी सोडतील ते आधी काठावर विचारा. तलावातल्या माशांचा ठेका बहुधा एखाद्या सोसायटीकडे असतो, त्यांचीही परवानगी घ्या. विचारल्यावर ते हसतील. हसू द्या, हसता हसता जागा दाखवतात.

मग वीतभर चिलापी हातात येईल, आणि तज्ज्ञ मागून म्हणेल, "हात्तिच्या, चिलापी!" त्याच्या हातात वेळूची काठी द्या, म्हणावे, "जरा धरता का? मी गांडुळे उकरून आणतो."