मळखाऊ रंग

आपल्या वाचनकक्षाला यंदा रंग द्यायचा आहे आणि दोन रंग सुचवले गेले आहेत: फिकट मोतिया आणि गडद शेवाळी. प्रश्न वरवर किरकोळ आहे, पण मला तो तसा वाटत नाही.

शेवाळीच्या बाजूचा मुख्य मुद्दा असा, की तो मळखाऊ आहे. तेलकट डोक्यांचे डाग, शाईचे शिंतोडे, हातांचे ठसे त्यात लपतात. 'मळखाऊ' हा शब्द आपण घरातच शिकतो. शाळेचे दप्तर, प्रवासातली चादर, रोजची पँट, सारे मळखाऊ हवे. जपून खर्च करणाऱ्या घरांचे ते शहाणपण आहे. त्याची थट्टा मी करणार नाही.

परंतु भिंत म्हणजे चादर नव्हे. मोतिया रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक खोलीत परत टाकतो; गडद शेवाळी बहुतेक गिळून टाकतो. खिडक्या त्याच, दिवे तेच, विजेचे बिलही तेच. तरी कोपऱ्यातल्या बाकावर अक्षरे एका रंगात दिसतात, दुसऱ्यात शोधावी लागतात. खिडकीशी बसणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. जाणवेल तो उशिराच्या एस.टी.ने येऊन उरलेली जागा पकडणाऱ्याला, आणि घरी एकाच खोलीत पाच माणसे असल्यामुळे दिवे लागल्यावरही इथेच बसणाऱ्याला.

हिरवा रंग डोळ्यांना थंडावा देतो, असेही म्हणतात. पण वाचणाऱ्याची नजर भिंतीवर नसते, पानावर असते. शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा भासतो, हे शेव्रेल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर दाखवले आहे. काळपट भिंतीपुढे पांढरे पान अधिकच भगभगीत दिसते.

मग डागांचे काय? जुन्या शाळा-कचेऱ्यांनी त्यावर तोड काढलेलीच आहे. जमिनीपासून चार फूट गडद ऑइलपेंटचा पट्टा, वर फिकट रंग, छत पांढरे. डोकी आणि हात लागतात ते खालीच. तो भाग ओल्या फडक्याने पुसता येतो. शेवाळीला तेवढी जागा जरूर द्यावी.

तरीही एकच रंग निवडायचा असेल, तर तो दुकानातल्या छोट्या कार्डावरून निवडू नये. कोपऱ्यातल्या भिंतीवर दोन्ही रंगांचे दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवावेत. निर्णय घेणाऱ्यांनी सायंकाळी सहा वाजता त्या शेवटच्या बाकावर, बारीक टाइपाचे पुस्तक घेऊन अर्धा तास बसावे, एवढीच विनंती.