विश्लेषण : जुनी लाल परी निवृत्त झाली, तिच्या फेरीचे काय?

पंधरा वर्षांचे वय झालेल्या सरकारी गाड्या रस्त्यावरून काढायच्या, असा नियम लागू झाल्यापासून एसटीच्या जुन्या लाल बस एकेक करून आगाराबाहेर पडत आहेत. कोऱ्या गाड्याही येत आहेत. शहरात या निरोपाचे व्हिडीओ होतात, आठवणी निघतात. जव्हार आणि मोखाड्यात मात्र गाडी गेल्याचे कळते ते एखाद्या सकाळी, फाट्यावर तासभर उभे राहिल्यावर. या दोन तालुक्यांत जुन्या एसटीची निवृत्ती हा जिव्हाळ्याचा आणि त्याहून अधिक पोटापाण्याचा प्रश्न का आहे?

एसटी निवृत्त होते म्हणजे काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १६ जानेवारी २०२३ रोजी अधिसूचना काढली. केंद्र व राज्य सरकारे, महापालिका आणि राज्य परिवहन उपक्रम यांच्या मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहणार नाही, असे तीत म्हटले आहे. एसटी महामंडळ या कक्षेत येते. खासगी मालकाला १५ वर्षांनंतरही तपासणी करून, शुल्क भरून नोंदणी वाढवून घेता येते. सरकारी गाडीला ती सोय नाही. इंजिन ठणठणीत असले तरी कागदावर वय भरले की ती भंगारात जाते.

नियमामागचे कारण पटण्यासारखे आहे. जुने इंजिन धूर जास्त सोडते, डिझेल जास्त पिते आणि घाटात दगा देते. जुलै २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात अहेरी आगाराच्या धावत्या एसटीचे छप्पर वाऱ्यावर फडफडत असल्याची चित्रफीत राज्यभर फिरली, तेव्हा जुन्या गाड्यांवर माया करणाऱ्यांनीही कपाळाला हात लावला होता. तोरंगण घाट उतरताना कोणत्या गाडीत बसायचे, याची निवड दिली तर कोणीही नवीच गाडी मागेल. गुंता त्यानंतर सुरू होतो.

जव्हार-मोखाड्याला एसटीच का लागते?

२०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दहापैकी नऊ माणसे आदिवासी : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. पश्चिमेला डहाणू-पालघरची आणि पूर्वेला कसारा-इगतपुरीची स्थानके, दोन्ही घाट उतरून किंवा चढून गाठायची. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी, त्याआधी जिल्ह्याच्या कामाला ठाण्यापर्यंत जावे लागे. आता पालघरला जायचे तरी जवळपास अख्खा दिवस मोडतो.

एसटीच्या पालघर विभागात आठ आगारे आहेत : पालघर, सफाळे, वसई, अर्नाळा, नालासोपारा, बोईसर, डहाणू आणि जव्हार. डोंगराळ भागाची मदार मुख्यतः शेवटच्या आगारावर. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात येणारी गरोदर बाई, महाविद्यालयात येणारी मुलगी, तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालणारा म्हातारा, बाजाराला निघालेली बायामाणसे एकाच गाडीत असतात. जव्हार, विक्रमगड, मोखाडा पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मोगऱ्याची शेती वाढली. कळी उमलायच्या आत ती दादरच्या फुलबाजारात पोचावी लागते, म्हणून पहाटेच्या गाडीची वेळ इथे पिकाच्या भावाशी जोडलेली आहे.

भात काढून झाले, दिवाळी सरली की असंख्य कुटुंबे भिवंडी, वाडा, वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात आणि शिमग्याला परततात. जाताना भांडीकुंडी, पोरे, कोंबड्या सगळे सोबत. जुन्या लाल गाडीच्या मागे शिडी असे आणि टपावर सामान चढे. ती सोय तर केव्हाच गेली. लाल डबा म्हणून शहरात हिणवलेली गाडी इथे घर हलवण्याचे साधन होती, हे त्या टपाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रवाशांच्या प्रतिक्रिया कोणत्या?

त्या दोन तऱ्हेच्या आहेत, आणि त्यांतला फरक पाहण्यासारखा आहे.

पहिली तऱ्हा गाव सोडून गेलेल्यांची. नाशिक, वसई, ठाण्यात नोकरी करणाऱ्या पिढीला लाल परी म्हणजे शाळेचा पास, खिडकीतून फेकलेल्या रुमालाने धरलेली जागा, वाहकाच्या पंचिंग मशीनची टिकटिक. मुंबईत १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची जुनी डबलडेकर शेवटची धावली, तेव्हा लोकांनी तिला हारफुलांनी सजवले. पुढच्याच महिन्यात प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे २० वर्षांचे आयुष्य संपले आणि तिच्यावरही भरभरून लिहिले गेले. एसटीप्रेमींचे गट तर राज्यभर आहेत. गाडीचा क्रमांक सांगा, ते चासी कोणाची आणि बॉडी दापोडीच्या कार्यशाळेत बांधली की चिकलठाण्याच्या, हे सांगतील. हे प्रेम खरे आहे. पण ते बहुधा त्या माणसांचे असते, ज्यांच्याकडे आता दुसरे वाहन आहे.

दुसरी तऱ्हा रोजच्या प्रवाशाची. त्याला गाडीचा रंग, वय, कंपनी यांत फारसा रस नाही. तो गाडीला क्रमांकाने ओळखत नाही, वेळेने ओळखतो : ‘सातची’, ‘शाळेची’, ‘वस्तीची’. यातली वस्तीची गाडी सर्वांत महत्त्वाची. संध्याकाळी शेवटच्या गावात पोचायची, चालक-वाहकांनी तिथेच मुक्काम करायचा आणि पहाटे गाव घेऊन निघायचे, अशी ही पद्धत. रात्री कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाला पान लागले, तर गावात एक चाक उभे आहे हा आधार असे. रस्ताच नसलेल्या पाड्यांतून रुग्णाला डोलीत घालून आणावे लागल्याच्या बातम्या या भागातून पावसाळ्यात येतात. त्या डोलीला जिथे डांबरी रस्ता भेटतो, तिथे पुढे काय मिळणार हा प्रश्न उरतोच.

नवी गाडी पहिल्यांदा गावात येते तेव्हा नारळ फुटतो, चालक-वाहकांना टोपी-टॉवेल दिला जातो. जाणाऱ्या गाडीसाठी असा कुठलाच विधी नाही. ती आगारातून विभागीय कार्यशाळेत जाते, कामाचे सुटे भाग काढले जातात, सांगाडा लिलावात निघतो. गावाला निरोप घेण्याची संधीच नसते, कारण गाडी निवृत्त झाली हे गावाला कोणी सांगत नाही.

लाडके वाहन हिशेबात का हरते?

हा प्रकार केवळ एसटीचा नाही. समुद्रावरही असेच घडते, आणि तिथले उदाहरण इथला हिशेब समजायला उपयोगी पडते. हॉलंड अमेरिका या क्रूझ कंपनीकडे ‘प्रिन्सेनडॅम’ नावाचे एक लहान जहाज होते. १९८८ साली बांधलेले, सुमारे ८३५ प्रवाशांचे. त्याच कंपनीच्या नव्या जहाजांत अडीच हजारांहून अधिक माणसे मावतात. लहान असल्यामुळे ‘प्रिन्सेनडॅम’ मोठ्या जहाजांना न झेपणाऱ्या बंदरांत शिरे. वर्षानुवर्षे त्याच जहाजाने फिरणारे प्रवासी होते. २०१८ मध्ये ते विकल्याचे जाहीर झाले, तेव्हा हे जुने प्रवासी हळहळले. पण कप्तान, इंजिनघर, बंदराचे शुल्क हे खर्च प्रवासी कमी म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाहीत. माणशी खर्चात लहान जहाज हरतेच.

एसटीच्या भाषेत याला भारमान म्हणतात. एकूण आसनांपैकी किती भरली, यावर फेरीचे नशीब ठरते. पाड्याकडे जाणारी गाडी सकाळी येताना खच्चून भरलेली आणि परत जाताना निम्मी रिकामी असते. चालक, वाहक आणि डिझेल मात्र दोन्ही वेळा तेवढेच. उलट जव्हार-नाशिकसारखी फेरी दोन्हीकडून भरते. गाड्या कमी पडल्या की आगार व्यवस्थापक कोणती फेरी आधी तोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

‘प्रिन्सेनडॅम’च्या कहाणीत एक गोष्ट मात्र वेगळी. ते जहाज भंगारात गेले नाही. जर्मनीच्या फिनिक्स रायझन कंपनीने ते घेतले आणि २०१९ पासून ते ‘अमेरा’ नावाने फिरू लागले. म्हणजे तिशी उलटलेल्या जहाजाला दुसरा संसार मिळाला. एसटीतही पूर्वी असा दुसरा संसार असे, फक्त तो महामंडळाच्या आतच. नवी गाडी लांब पल्ल्यावर जाई. काही वर्षांनी ती तालुक्याच्या फेऱ्यांवर येई आणि अखेरची वर्षे खेड्यापाड्यांत काढी. ग्रामीण फेऱ्या चालत आल्या त्या अशा हाताखालून आलेल्या गाड्यांवर. पंधराव्या वर्षाची रेघ आली आणि नेमका हा शेवटचा टप्पा आखूड झाला. नियम सर्व गाड्यांना सारखा असला, तरी त्याची झळ सारखी बसत नाही, ती याच कारणाने.

नव्या गाड्यांनी प्रश्न सुटेल का?

काही अंशी सुटेल. करोनापूर्वी एसटीच्या ताफ्यात १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या. नंतर तो आकडा १५ हजारांच्या घरात आला. करोनाकाळातील टाळेबंदी, ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा चाललेला संप आणि त्या काळात थांबलेली खरेदी यांचा हा परिणाम. सप्टेंबर २०२४ मध्ये अशोक लेलँडने महामंडळाकडून २,१०४ गाड्यांची मागणी मिळाल्याचे जाहीर केले. लाल रंगाच्या या गाड्या पुढच्या काळात आगारांत दाखल होऊ लागल्या.

याच काळात प्रवासी मात्र वाढले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तरी बाईमाणसाला एसटीच स्वस्त. सवलतीचा अर्थ मोखाड्याच्या बाईसाठी साधा आहे : काळी-पिवळी जीप किंवा इको निम्मे पैसे घेत नाही. गाडीच येत नसेल तर सवलत कागदावर राहते. सरकार तिकिटाचे पैसे भरायला तयार आहे आणि तिकीट फाडायला वाहक मात्र येत नाही, अशी ही गंमत.

गाडीच्या आकाराचाही प्रश्न आहे. अरुंद घाटरस्त्यांसाठी एसटीने मध्यंतरी ‘यशवंती’ नावाच्या मिडी बस आणल्या होत्या. जव्हारच्या पलीकडे दाभोसा, वावर-वांगणीकडे किंवा मोखाड्यातून खोडाळा, सूर्यमाळकडे जाणाऱ्या वळणांना असे लहान वाहनच शोभते. महामंडळाच्या भाडेतत्त्वावरील विजेच्या गाड्यांमध्ये नऊ मीटर लांबीचा प्रकार आहे, आकाराने तो इथे बसेल. पण विजेच्या गाडीला चार्जिंग केंद्र लागते आणि अखंड वीज लागते. पावसाळ्यात जिथे दिवसच्या दिवस वीज जाते, तिथे पहाटेची वस्तीची गाडी कशावर निघणार, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. निदान आणखी काही वर्षे या डोंगरात डिझेलचीच लहान गाडी लागेल, असे मानायला हरकत नाही. महामंडळाच्या खरेदीचे आकडे पाहता, तिच्यावर आज फारसा कोणाचा जोर दिसत नाही.

जीप आहे की!

असा युक्तिवाद होतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. जीपवाला दारात येतो, सुट्टे नसले तर उद्या घेतो, कोंबडीचे तिकीट मागत नाही. एसटीच्या संपात हे दोन्ही तालुके मुख्यतः जीपवरच चालले. पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे टपावर आणि मागच्या फळीवर माणसे लटकतात. अपघात झाला तर भरपाईची खात्री नाही. संध्याकाळी सात-आठनंतर जीप मिळणे मुश्कील, स्वतंत्र केली तर दिवसाची मजुरी जाते. शाळकरी मुलीचा मोफत पास तिथे चालत नाही. बारावीनंतर जव्हारला येऊन शिकणाऱ्या मुलीच्या घरी पहिला प्रश्न ‘येशील कशाने’ हाच असतो, आणि त्याच्या उत्तरावर पुढच्या बऱ्याच गोष्टी ठरतात.

कोकण किनाऱ्यावरची मुंबई-पणजी प्रवासी बोट बंद पडली, तेव्हाही तिच्यासाठी लोक हळहळले. बंदरांचे धक्के ओस पडले. पण तोवर किनाऱ्याच्या गावांत एसटी पोचली होती; बोटीने सोडलेला प्रवासी तिने उचलला. जव्हार-मोखाड्यात एसटीने सोडलेला प्रवासी उचलायला सार्वजनिक असे काहीच नाही.

हिशेब कशाचा मागायला हवा?

निवृत्त गाड्या किती आणि नव्या किती, एवढी बेरीज-वजाबाकी महामंडळ देते. ती विभागवार जुळलीही असेल. पण पालघर विभागाला मिळालेली गाडी वसईच्या वाट्याला जाते की जव्हारच्या, आणि जव्हारला आली तर ती नाशिक फेरीवर लागते की पाड्यावर, हे त्या बेरजेत दिसत नाही. प्रत्येक निवृत्त गाडीसोबत ती कोणत्या फेऱ्या करत होती आणि त्या फेऱ्या आता कोणती गाडी करते, याची यादी आगाराच्या फलकावर लागली, तर गावकऱ्यांना निदान भांडता येईल. तोट्याच्या आदिवासी फेऱ्यांचा खर्च भारमानाच्या तराजूत न तोलता सरकारने वेगळा द्यावा, ही मागणीही याच हिशेबातून येते. सवलतींची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतेच. तीच रीत फेरीसाठी लावता येते.

एसटीचा वर्धापनदिन १ जूनला असतो. १९४८ साली त्या दिवशी पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली होती. आगारांत रांगोळ्या काढल्या जातात, गाड्यांना हार घातले जातात. त्यानंतर पंधरवड्यात शाळा उघडतात, घाटात दरडी कोसळू लागतात आणि जव्हारच्या स्थानकावर पासासाठी मुलींची रांग लागते. कोणती फेरी चालू आहे आणि कोणती गेली, हे त्या आठवड्यात समजते.